पिराला धोंडा नसतो

माझं तोंड फटकळ हाय, हे मीच आधी सांगून टाकते, म्हंजे मागनं कुनी नवल करायला नको. देवळाली प्रवऱ्यात कुनालाही इचारा. भीमाबाई माळीन कामाला वाघ, पन बोलायला लागली की समोरच्याचं सालटं काढती, असंच सांगतील. सांगू देत. खोटं कुठं हाय? पन सन पंचेचाळीसच्या उरसाला ह्या तोंडानं जे करून ठेवलं, ते मला अजून टोचतं.

आमचं रान पाटाच्या खालच्या अंगाला. रानाला लागूनच पीरबाबाची बाग, मधी नुसता एक बांध. बाग नावाला पिराची, राबायची मातुर चांदबी. तिचा नवरा रशीद दर्ग्याची सेवा करनाऱ्या मुजावर घरातला. बाग त्यानंच आखली हुती, आन त्या आखन्यापायी मी त्याला रोज खुळ्यात काढायची. कारन हा बाबा खुरपं हातात घ्यायच्या आधी चार-चार दिस एकाच जागी उभा राहून नुसतं ऊन बघायचा. लिंबाची सावली थंडीत कुठं पडती, उन्हाळ्यात कुठं सरकती. शेवंतीचा वाफा तर त्यानं तीनदा हलवला. मी म्हनायची, "अरं, फुलं लावतूस का सोयरीक जमवतूस?" तो नुसता हसायचा.

आता येवढी आखनी कशापायी, ते सांगते. उरसाला पिराच्या कबरीवर फुलांची चादर चढती. ती चादर पिराच्याच जमिनीत उगवलेल्या फुलांची पायजे. इकतचं न्हाई, मागून आनलेलं न्हाई, दुसऱ्याच्या रानातली एक पाकळीसुद्धा न्हाई. आन ती डोक्यापास्नं पायापातुर पुरली पायजे. नेम येवढाच, पन त्यात मेख हाय. मुसलमानांचा महिना चांदावर चालतो, आन त्यांचं साल उन्हाळ्या-पावसाळ्याच्या हिशेबानं धा-अकरा दिस तोकडं. म्हनून उरूस दरसाली तेवढा मागं सरकतो. आज उन्हाळ्यात आला तर धा वर्सांनी थंडीत यायचा, आजून धा-बारा वर्सांनी भर पावसात. तेहतीस वर्सांत समद्या ऋतूंना भेटून परत जाग्यावर. कुठल्याबी महिन्यात उरूस यिऊ दे, फुलं हायेतच, अशी बाग रशीदला पायजे हुती. उन्हाळ्याचा मोगरा, पावसातली जाई, दसऱ्याचा झेंडू, थंडीची शेवंती, आन कुंपनाला कन्हेर न् तगर, ती बिचारी कुनाची वाट न बघता फुलत्यात.

चव्वेचाळीसचा उरूस झाला आन त्याच पावसाळ्यात रशीद हिवतापानं गेला. पोरबाळ न्हाई. चांदबी एकटी राहिली.

तिचा चुलत दीर गनीभाई. मानूस वाईट न्हवता, पन लढाईची सालं, गुळाला भाव आलेला, आन शेजारनं पाट वाहतोय. त्याला त्या बागेत ऊस दिसायला लागला. तो दर्ग्याच्या जानत्यांकडं, लालमहंमदचाचांकडं गेला. म्हनाला, "भाबी एकटी बाईमानूस. बाग तिला झेपायची न्हाई. मला द्या." चाचांनी दाढी कुरवाळली आन सांगितलं, "येता उरूस बघू. चादर पुरली, तर बाग चांदबीकडं राहील. न्हाई पुरली, तर गनी, तू नांगर घाल."

म्हंजे चांदबीनं कुठं जायचं? बेलापूरला भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली, तिनं वाढलं तर जेवायचं. चांदबीनं मला बांधावर बसून हे सांगितलं तवा माझा तर असा जीव तुटला की काय सांगू. मी म्हनले, "रडू नगंस. मी हाय ना." बघा, तवाच गप बसायला पायजे हुतं.

उरूस त्यांच्या मदारच्या महिन्यात सतराव्या चांदाला. गेली दोन सालं तो आपल्या वैशाखात येत हुता, म्हंजे समदी भिस्त मोगऱ्यावर. मोगऱ्याचं तंत्र असं: थंडीत त्याचं पानी तोडायचं, पानं झडू द्यायची, छाटून ठेवायचं. पार वाळल्यागत दिसला पायजे. मंग उरसाच्या दोन महिने आधी शेनखत घालून पानी सोडलं की पेटल्यागत फुटतो आन एकदम फुलतो. मागल्या साली रशीदनं होळीला पानी सोडलं हुतं.

यंदाच्या होळीला मी पुरनाचा घाट घालून रानात आले, तर चांदबी खोरं घेऊन बागेच्या पान्याच्या दांडाशी उभी. पाटाची पाळी आलेली. खोऱ्याचा एक घाव घातला की पानी मोगऱ्यात जानार.

मी बांधावरनंच वरडले, "अगं थांब! खुळी का काय तू? यंदा धोंडा हाय!"

ती बघायलाच लागली. मी कंबरेवर हात ठिवून तिला समजावलं. आमच्यात दर तिसऱ्या सालाला एक महिना जादा येतो, धोंड्याचा महिना. यंदा चैत्र दोन. धोंड्याच्या सालात आमचे समदे सन महिनाभर म्होरं जातात. आखाजी म्होरं, पोळा म्होरं, दिवाळी म्होरं. "मंग उरूस काय एकटाच मागं राहनार हाय? तो बी महिन्यानं म्होरं जानार! आत्ता पानी सोडलंस तर मोगरा आधीच फुलून मोकळा हुईल, आन उरसाला काय नुसत्या काड्या गुंफतीस?"

ती हळूच म्हनाली, "पन आक्का, आमचा मदारचा चांद…"

"गेली दोन सालं मदार वैशाखात आला का न्हाई?"

"आला."

"मंग वैशाख यंदा महिनाभर उशिरा हाय. सपलं! होळीनंतर महिन्यानं पानी सोड. भटजी पाडव्याला पंचांग वाचतो ते मला तोंडपाठ असतं, म्हाईत हाय ना तुला?"

तिनं खोरं खाली ठेवलं. मीच पुढं होऊन दांड बुजवला, तो बी पायानं चेपून. वरनं घरी जाऊन आमच्या धन्याला सांगितलं, "मी होते म्हनून त्या बाईची बाग वाचली."

धोंड्याचा महिना लागला. जावई जेवायला आला, अनारसे झाले, चार अनारसे मी बांधावरनं चांदबीला बी दिले. मोगरा तिकडं वाळून कोळ झालेला, आन मी म्हनतीय, बघ कसा झकास तान बसलाय.

मंग त्यांची ग्यारवी आली, मदारच्या आदल्या महिन्यातल्या अकराव्या चांदाचा सन. चाचांच्या घरी फातेहा हुता, तिथनं चांदबी तशीच माझ्या रानात आली. तोंड पांढरंफटक.

"आक्का, आज ग्यारवी झाली. म्होरला चांद मदारचा. उरसाला पस्तीस दिस राहिले."

"पस्तीस? पासष्ट म्हन."

"पस्तीस, आक्का."

तुमाला वाटंल मी तिथंच गप झाले. छे! मी म्हनले, चाचा म्हातारे झाले, त्यांचं मोजन्यात चुकलं असंल. आन पदर खोचून तडक चाचांच्या ओट्यावर गेले. त्यांच्याशी भांडायला! चाचांनी माझं समदं ऐकून घेतलं. धोंडा कसा येतो, सन कसे म्होरं जातात, समदं. मंग शांतपने म्हनाले, "भीमाबाई, धोंडा तुमचा. पिराला धोंडा नसतो. तुमचे सन त्या महिन्यासाठी थांबतात, आमचा चांद कुनासाठी थांबत न्हाई."

आई गं! तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. होळी तर धोंड्याच्या आधीच येती, म्हंजे ती बी उरसागतच धा-अकरा दिस अलीकडं आली हुती. रशीदसारखं होळीला पानी सोडलं असतं तर बरुबर उरसाला मोगरा फुलला असता. काय अक्कल चालवायची गरजच न्हवती. मी शानपना केला आन बाईचं घर घालवलं.

पाट त्या आठवड्यात बंद हुता. चांदबीनं पिराच्या विहिरीवरनं घागरीनं पानी घालायला घेतलं हुतं. मी बी घागर उचलली. चार दिस दोघी पानी वाहत हुतो. डोक्याला चुंबळ, पायाला फोड. ती मला एका शब्दानं बोलली न्हाई. अगं, एक शिवी दे! माझ्या सात पिढ्या उद्धार! ती नुसती म्हनायची, "आक्का, त्या कोपऱ्यातल्या येलाला दोन घागरी जास्त घाला." माझ्या जिवाला त्यानं जास्तच लागायचं. आन घरी आमचे धनी, मच्छिंद्र माळी, मिशीत हसून म्हनतात कसे, "पिराला जाऊन सांग की, भीमाबाईनं महिनाभर थांबायला सांगितलंय." त्या दिवशी त्यांना भाकरीबरुबर नुसती मिरची मिळाली.

मोगरा फुटला. फुटला म्हंजे कसा, हिरवीगार पानं, बघून डोळं निवावं. पन कळी कुठं दिसंना. उरसाला आठ दिस राहिले तवा शेंड्याला तांदळायेवढ्या कळ्या आल्या. मी रोज सकाळी जाऊन त्या बोटानं चाचपून बघायची. कळी काय मानसानं रागं भरून मोठी हुती?

उरसाचा दिवस उजाडला. बागेतलं जे हुतं नव्हतं ते आमी वेचलं. कन्हेर मिळाली, तगर मिळाली, पांढरा चाफा मिळाला, मोगऱ्याची पन्नास-साठ फुलं. लिंबाखाली बाज टाकून तिच्यावर चादर इनायला बसलो. दुपारपातुर कळून चुकलं, पुरत न्हाई.

बांधाच्या अल्याड माझ्या रानात गलांड्याचे दोन वाफे लाल-पिवळे होऊन डोलत हुते. मी बाजारासाठी लावलेले. मी म्हनले, "चांद, ऊठ. दोन टोपल्या घेऊन येऊ. कोन बघतंय? मधी येवढासा बांध."

तिनं मान हलवली. "कबरीत हाय त्याला कळतं, आक्का."

"मंग जाळी सैल इन. घरं मोठी सोड. ओढून-तानून पुरंल."

"ह्यांनी सैल इनली असती का?"

रशीदनं कवाच सैल इनली नसती. मी खाली मान घालून फुलं सुईनं ओवत राहिले. डोळ्याला पदर लावायला बी हात रिकामा न्हवता.

ऊन कललं तशी मानसं आली. चाचा आले, गनीभाई आला, आजून पाच-सहा जानते. चादर कबरीवर पसरली. डोक्याकडनं सरळ केली, खाली ओढली. पायाकडं दीड हात दगड उघडा राहिला.

गनीभाईनं मोजलं सुदिक न्हाई. हळूच म्हनाला, "भाबी, पुरली न्हाई." त्याच्या बी आवाजात आनंद न्हवता, हे मी कबूल करते. त्याला बाग पायजे हुती, पन अशी न्हाई.

चांदबी लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी. पदर पुढं ओढलेला. मला ऱ्हावलं न्हाई. बायकांनी तिथं म्होरं यायचं नसतं, पन माझ्या जिभेला हाड कुठं हाय? मी मधी गेले.

"चूक माझी हाय," मी म्हनले. "ती होळीला खोरं घेऊन उभी हुती. मी थांबवली. मीच दांड बुजवला, ह्या पायानं. धोंडा-धोंडा करून मी नाचले. नांगर घालायचा तर माझ्या रानात घाला, तिच्या बागेत नगं!" येवढं बोलले आन मला रडूच कोसळलं. समद्या बाप्यांच्या म्होरं, शेंबूड पुसत.

कुनीतरी मागं हसलं. चाचा हसले न्हाईत. ते गनीभाईकडं वळले.

"गनी, समज बाग तुला दिली. पुढल्या साली उरूस कवा?"

"मदारच्या सतराला."

"ते मला बी ठावं हाय. ऊन किती असंल तवा? बागेत काय फुललेलं असंल?"

गनीभाईनं डोकं खाजवलं. "एका कोपऱ्यात लावू काय तरी, चाचा."

"काय?"

गनीभाईनं वाफ्यांवर नुसती नजर फिरवली. मंग चाचांनी लिंबाकडं बघितलं. "बेटी, तुला ठावं हाय?"

चांदबी जागची हलली न्हाई. पदराआडनंच बोलायला लागली, आन तिचा आवाज ऐकून मीच चाट पडले. कापत न्हवता.

"आक्कांचा महिना धोंड्यानं हलतो," ती म्हनाली, "आन आमचा चांदानं. दोन्ही हलत्यात. म्हनून मी न हलनारं शोधलं. संक्रांत हलत न्हाई, चाचा. ती थंडीत तितल्या तितंच येती. मी तिच्यापास्नं मोजते. यंदाचा उरूस संक्रांतीपास्नं एकशे सहावा दिस. पुढल्या साली पंच्यान्नवावा. त्याच्या म्होरं पंच्याऐंशी. दोन्ही येळंला मोगरा पुरंल, पानी धा-धा दिस आधी सोडायचं. चौथ्या साली चौऱ्याहत्तरावा दिस. तेवढ्या लवकर मोगरा येत न्हाई. तवा कुंद आन छाटलेला गुलाब लागंल, म्हनून कुंद यंदाच्या पावसातच लावायचा. त्याला जोम धरायला सालं लागत्यात. तिथनं म्होरं उरूस थंडीत शिरंल, शेवंतीत. मंग झेंडूत. वीस-बावीस वर्सांनी पावसात. पावसाला येकट्या जाईवर भागायचं न्हाई, सोनचाफा पायजे, आन सोनचाफ्याचं झाड जानतं व्हायला लई सालं जात्यात. तो बी यंदाच लावायचा. त्याची फुलं वेचायला मी असंन, नसंन. पन झाड तवा नवं लावून भागायचं न्हाई."

गनीभाई तोंड उघडं टाकून बघत हुता.

चाचांनी वाकून कबरीच्या उघड्या दगडावर हात फिरवला. मंग म्हनाले, "चादर पुरली न्हाई, हे खरं. माझा शब्द बी खरा. पन गनी, तुला पुढलं साल सांगता आलं न्हाई, आन हिच्या डोक्यात पुरी तेहतीस सालं हायेत. दीड हात फुलांसाठी ही बाई मी घालवली, तर पीर मला इचारंल. शब्द मोडल्याचा दोष माझ्या अंगावर. बाग हिचीच."

गनीभाईनं मान डोलवली. खरं सांगायचं तर त्याला बी सुटल्यागत झालं असावं. जाताना तो चांदबीला म्हनाला, "भाबी, सोनचाफ्याचं रोप राहुरीला मिळंल. मी आनून देतो."

मानसं पांगली. आमी दोघी लिंबाखाली सांडलेल्या पाकळ्या गोळा करत बसलो. माझं रडू सरलं हुतं, आन आता राग आला हुता. मी म्हनले, "येवढं समदं मोजून ठेवलंस, आन मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस? मी रोज तुझ्याबरुबर घागरी वाहत हुते!"

ती पहिल्यांदाच हसली. "आक्का, सांगितलं असतं तर तुमी मधीच बोलला असता. माझं मोजनं चुकलं असतं."

दुसऱ्या कुनी असं म्हनलं असतं तर मी त्याची आई-माई काढली असती. पन मी गप बसले. खरंच बोलली हुती ती.

त्या दिवसापास्नं चांदबीनं मला महिना कवाच इचारला न्हाई. मोगऱ्याला पानी सोडायच्या आदल्या दिवशी बांधावर यायची, "आक्का, उद्या सोडते हाय," येवढंच सांगायची, आन मी नुसतं "व्हय" म्हनायची. भीमाबाईनं नुसतं व्हय म्हनायचं! लई जड जायचं ते. रात्रीला धन्याजवळ कुरकुर करायची मी, की बाई आता मला इचारतच न्हाई. पन सकाळी उठून रानात गेलं की ती बांधाच्या पल्याड असायची, बेलापूरला न्हाई. मंग माझं काय म्हननंच नसायचं.